मानासे मागे राहिलं

सालेलोलोगाच्या धक्क्यावर विचारलं, बस सुटणार ना?
टॅरो विकणाऱ्यानं नुसत्या भुवया उडवल्या.
सामोआत भुवया उडवणं म्हणजे हो,
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.
तोवर मी प्रत्येक होकाराला
पुन्हा तोच प्रश्न विचारत होते.

बस लाकडी. ट्रकच्या पाठीवर घर चढवल्यासारखी.
कपाळावर येशू, आतली गाणी एवढी मोठी
की बाकांचे खिळेही ताल धरत होते.
तांदळाची पोती, डबाबंद मासळीची खोकी,
एक वॉशिंग मशीन, आणि त्याच्यावर हात ठेवून बसलेला म्हातारा,
लेकीला सासरी पोचवायला निघाल्यासारखा.

उभं राहायचं नाही, असा रिवाज.
जागा नाही, हेही खरं.
पेसामिनोनं आरशातून मागे बघितलं फक्त
आणि अख्खी बस
पत्ते पिसावेत तशी हलली.
पोरं पोरांच्या मांडीवर, सून सासूच्या,
आणि माझ्यासमोर एका बाईनं
स्वतःच्या मांडीवर दोनदा थाप मारली.

मी अठ्ठावन्न वर्षांची.
बँकेतून निवृत्त. उजवा गुडघा कुरकुरतो. वजन सांगत नाही.
कुणाच्या मांडीवर शेवटची बसले
ती कान टोचताना, असं आई सांगायची.
म्हटलं, नको, मी जड आहे.
तुमेमा तिचं नाव. ती हसली,
आणि बाजाराची पिशवी ठेवावी तशी
मला ठेवून घेतली.

खरं तर पहिला अर्धा तास मी बसलेच नाही.
चवड्यांवर भार, पाठ ताठ,
हिशेबाच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेला आकडा.

मग लाव्हा आला. सालेआउला.
दोन्ही बाजूंना काळंच काळं,
करपलेलं कुणी खरवडायचं विसरून गेल्यासारखं.
तुमेमा कानाशी म्हणाली, खाली गाव आहे.
आमचं घर तिकडे, त्या झाडाच्या डावीकडे.
झाडाच्या डावीकडे
झाडाची सावली होती.
तेवढ्यात खड्डा,
आणि मी पूर्ण वजनानिशी तिच्यावर आदळले.
ती काही बोलली नाही. माझ्या कमरेभोवती हात घातला
आणि उतरेपर्यंत काढला नाही.

खिडकीच्या चौकटीवर नाण्याची टकटक. बस थांबते.
भाडं उतरताना.
तुमेमा गेली. तिची ऊब असलेली जागा माझी झाली.
पुढच्या गावात गणवेशातली एक पोर चढली,
सात-आठ वर्षांची. विचारलंही नाही.
आली, बसली, दप्तर पोटाशी धरलं, झोपली.
केसांना खोबरेल.
हा वास इथेही भेटेल असं वाटलं नव्हतं.
मी बराच वेळ बाहेर बघत राहिले.
दारापुढे पांढऱ्या कबरी, भिंती नसलेली घरं,
आत कुणी उशी झटकतंय, कुणी दूरदर्शन बघतंय.

मानासे आलं.
माझी खोली तिथली, पैसे आगाऊ भरलेले.
नाणं मुठीत तयार होतं.
हात वर नेला असता
तर तिचं डोकं घसरलं असतं.
मानासे गेलं.

साफोतूला ती आपसूक जागी झाली,
माझ्याकडे न बघता उतरली,
दप्तर धूळ उडवत घराकडे पळालं.
मागोमाग मी, लंगडत.
मानासे? पेसामिनो म्हणाला, ते मागे राहिलं.
त्यानं माझी नाणी मोजली
आणि त्यातलं एक परत दिलं.
कशाचं, ते विचारायला भाषा नव्हती.

मागे चालत निघाले, तर शंख वाजला.
रस्त्यावर लुंगीतले पुरुष उभे होते, ओळीनं.
एकानं तळहात खाली दाबून दाखवला: बस.
संध्याकाळची प्रार्थना. आता कुणीच हलायचं नाही,
ना गावकऱ्यानं, ना पाहुण्यानं.
घराघरातून सूर निघू लागले,
एका घराचा सूर दुसऱ्याच्या आधी संपत होता.

मी कडेच्या दगडावर टेकले.
मांडीला मुंग्या आल्या होत्या.
त्या उतरेपर्यंत
मलाही कुठे जाता येणार नव्हतं.